शरणागती : कृती की कृतीचा त्याग?

मराठी संतसाहित्य शिकवताना 'शरणागती' हा शब्द आम्ही फार सहजपणे वापरतो. अभंगाच्या अखेरीस कवीने आपला भार देवावर टाकला की 'येथे संतांची अनन्य शरणागती दिसते' असे एक वाक्य उत्तरपत्रिकेत येते आणि विषय संपतो. वस्तुतः विषय तेथून सुरू व्हावयास हवा. शरण जाणे ही माणसाने करावयाची कृती आहे काय? तशी ती असेल तर भक्ताचा भरवसा अखेर स्वतःच्या करणीवरच राहिला. तशी ती नसेल तर 'शरण ये' या सांगण्याला अर्थ काय? कीर्तनात द्रौपदीची कथा सांगताना कीर्तनकार नेहमी म्हणतात की, तिने वस्त्र धरलेला हात सोडून दोन्ही हात वर केले तेव्हाच श्रीकृष्ण धावला. मग तो हात सोडणे हा तिचा प्रयत्न की प्रयत्नाचा शेवट?

या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म आणि दीर्घ विचार तामिळ देशातील श्रीवैष्णव संप्रदायाने केला. त्याच्याशी आपल्या अभ्यासक्रमाचा परिचय जवळजवळ नाही, म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात मांडीत आहोत.

या संप्रदायात शरणागतीला 'प्रपत्ती' किंवा 'न्यास' म्हणतात. पांचरात्र आगमातील अहिर्बुध्न्यसंहिता व लक्ष्मीतंत्र या ग्रंथांत तिची सहा अंगे सांगितली आहेत : देवाला अनुकूल वागण्याचा संकल्प, प्रतिकूल ते टाकणे, तो रक्षण करीलच हा विश्वास, रक्षक म्हणून त्याला वरणे, स्वतःला त्याच्या स्वाधीन करणे आणि आपल्या असहायतेची जाणीव. तिचा दुसरा आधार गीतेच्या अठराव्या अध्यायातील ६६ वा श्लोक. हा संप्रदाय त्याला 'चरमश्लोक' म्हणतो आणि तीन रहस्यमंत्रांत त्याची गणना करतो. तिसरा आधार आळवारांची तामिळ पदे. त्यांतील श्रेष्ठ मानले गेलेले नम्माळवार वेळ्ळाळ जातीचे होते, तर तिरुप्पाण आळवार अस्पृश्य मानल्या गेलेल्या पाणर समाजातले. या तपशिलाचे महत्त्व पुढे दिसेल.

रामानुजाचार्यांच्या (परंपरेनुसार १०१७ ते ११३७) नावावर 'शरणागतिगद्य' ही संस्कृत गद्यरचना आहे. श्रीरंगम येथे पंगुनी उत्तिरमच्या दिवशी रंगनाथ आणि रंगनायकी यांच्यासमोर त्यांनी ती निवेदन केली, अशी श्रद्धा आहे. परंतु त्यांच्या श्रीभाष्यात मोक्षाचा उपाय म्हणून प्रतिपादन आहे ते उपासनारूप भक्तीचे. प्रपत्ती हा स्वतंत्र मार्ग म्हणून तेथे येत नाही. त्यामुळे काही आधुनिक अभ्यासकांनी गद्याच्या कर्तृत्वाविषयीच शंका घेतली आहे. कर्तृत्वाचा निर्णय काहीही होवो, आचार्यांनी मागे ठेवलेल्या या फटीतूनच पुढचा वाद उगवला.

भक्तियोगाला वेदाध्ययनाचा अधिकार लागतो. तो अधिकार स्त्रियांना आणि शूद्रांना नव्हता. मग त्यांनी काय करावे? प्रपत्ती हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. पिळ्ळै लोकाचार्यांनी तामिळ-संस्कृतमिश्रित मणिप्रवाळ भाषेत 'श्रीवचनभूषणम्' लिहिले. प्रपत्तीला स्थळ, काळ, विधी, अधिकारी आणि फळ यांपैकी कशाचेही बंधन नाही, बंधन एकच, की ज्याला शरण जायचे तो योग्य हवा, असे ते सांगतात. येथेही दाखला द्रौपदीचा आहे : अस्पर्श्य अवस्थेत, स्नान न करता तिने हाक मारली. भक्ताची जात काढणे हा लोकाचार्यांच्या मते घोर अपराध. त्यांचे धाकटे बंधू अळगिय मणवाळ पेरुमाळ नायनार यांनी 'आचार्यहृदयम्' या ग्रंथात नम्माळवारांच्या तामिळ वाणीला वेदाची योग्यता आहे असे मांडले.

लोकाचार्यांचा मूळ सिद्धांत असा, की मोक्षाचा उपाय भगवंत स्वतःच आहे आणि तो आधीपासूनच सिद्ध आहे. जीवाने त्याला नाकारू नये, इतकेच पुरे. शरणागतीलाच उपाय मानले तर तीही अहंकाराचेच एक रूप होईल. वेदान्तदेशिकांना हे मान्य नव्हते. ईश्वर कृपाळू आहे हे खरे, पण मग तो सर्वांना एकदम का तारीत नाही? त्याच्यावर पक्षपाताचा दोष यावयाचा नसेल तर जीवाच्या बाजूने काही निमित्त हवे. म्हणून शरण जाणे ही एकदा, जाणतेपणाने करावयाची कृती आहे. ती कृपा विकत घेत नाही, तिला निमित्त मात्र पुरविते. 'रहस्यत्रयसार' या आपल्या ग्रंथात त्यांनी ही बाजू मांडली. तोही मणिप्रवाळातच आहे.

पुढे या दोन मतांना दोन दृष्टान्त चिकटले. माकडाचे पिल्लू आईला घट्ट बिलगते, तेव्हा ती त्याला नेते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. पहिला 'मर्कटकिशोरन्याय' वडकलै पंथाचा, दुसरा 'मार्जारकिशोरन्याय' तेनकलै पंथाचा. परंपरेने दोघांतले अठरा मतभेद मोजले आहेत. मात्र दृष्टान्त सोयीचा असला तरी तो वाद सोपा करून टाकतो. तेनकलै पंथालाही जीवाची संमती हवीच असते, आणि वडकलै पंथालाही जीवाच्या बळाने मोक्ष मिळतो असे म्हणायचे नसते.

आता इतिहासाकडे वळू. १३११ मध्ये मलिक काफूरची आणि १३२३ मध्ये उलुघखानाची स्वारी दक्षिणेत उतरली. श्रीरंगमच्या परंपरेप्रमाणे, दुसऱ्या स्वारीच्या वेळी वृद्ध पिळ्ळै लोकाचार्य रंगनाथाची उत्सवमूर्ती घेऊन लहानशा मेळ्यासह बाहेर पडले आणि मदुराईजवळच्या ज्योतिष्कुडी येथे त्यांनी देह ठेवला. वेदान्तदेशिक प्रेतांमध्ये लपून वाचले, सुदर्शनसूरींचे दोन मुलगे आणि श्रीभाष्यावरील 'श्रुतप्रकाशिका' ही त्यांची टीका त्यांनी वाचविली व ते कर्नाटकात गेले, असे सांगतात. विजयनगरचा अधिकारी गोपण याने १३७१ मध्ये मूर्ती पुन्हा श्रीरंगमला बसविली. तसा शिलालेख मंदिरात आहे.

स्वारीच्या या हकिकतींत सांप्रदायिक चरित्रकथेचा अंश आहे हे आम्ही जाणतो. पण परंपरेने आपल्या आचार्यांविषयी काय सांगायचे ठरविले, हाही पुरावाच असतो. 'जीवाने काही करावयाचे नाही' असे शिकविणारा आचार्य या कथेत म्हातारपणी मूर्ती घेऊन रानोमाळ हिंडतो. ही विसंगती नव्हे. श्रीवैष्णवांच्या परिभाषेत त्याग होतो तो कर्माच्या उपायपणाचा. कर्म 'कैंकर्य' म्हणून, म्हणजे सेवा म्हणून, उरतेच. मोक्ष मिळवायचा म्हणून काही करायचे नसल्यामुळेच करण्यासारखे सर्व मोकळेपणाने करता येते.

हे आम्हाला महत्त्वाचे वाटते, कारण मराठीत शरणागतीवर निष्क्रियतेचा आरोप जुना आहे. वि. का. राजवाडे यांनी वारकरी संतांच्या निवृत्तीपर शिकवणुकीवर कठोर टीका केली, न्या. रानडे यांनी 'राइज ऑफ द मराठा पॉवर' (१९००) मध्ये त्याच संतांना लोकजागृतीचे श्रेय दिले. दोघेही शरणागतीचा परिणाम मोजत होते, तिची घडण मात्र तपासावयाची राहिली. ती तपासली तर आपल्याकडील उत्तर निराळे दिसते. ६६ व्या श्लोकावर ज्ञानेश्वर म्हणतात ते अद्वैत : वेगळे उरून शरण जाणे ही शरणागतीच नव्हे. 'दासबोधा'च्या चौथ्या दशकाचा नववा समास आत्मनिवेदनाचा आहे, आणि त्यात रामदासांचा प्रश्न असा, की निवेदन करणारा 'मी' शोधून सापडतो का? दक्षिणेत दास शेवटपर्यंत दासच राहतो; येथे शरण जाणाराच विरून जातो. आणि तुकाराम या दोहोंच्या मध्ये उभे राहून सेवेसाठी वेगळेपण मागतात, देवाशी भांडतात. तिघांनाही 'अनन्य शरणागती' हे एकच लेबल लावणे ही वाचनातली आळशीपणाची खूण आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अधिकाराचे बंधन नाही असे ग्रंथ म्हणत असताना देवळांची दारे कित्येकांना बंदच राहिली. मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिरासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबा तर चौदाव्या शतकातले. कृतीचा गर्व टाकण्याविषयी वाद घालणाऱ्या दोन पंथांचे वंशज कपाळावरच्या नामाच्या आकारावरून आणि देवळात कोणी पठण करावे यावरून ब्रिटिश काळापासून न्यायालयात गेले. शिवाय 'श्रीवचनभूषणम्'चा शेवट आचार्यावरील निष्ठेत होतो. देवापाशी ठेवलेला भार माणसापाशी ठेवण्याची वाटही तेथूनच निघते, आणि त्या वाटेचे धोके आजच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की 'शरण' हा शब्द दिसला की तेथे थांबावे आणि तीन प्रश्न विचारावेत. कोण शरण जातो आहे? कोणाला? आणि शरण गेल्यावर त्याचे हात काय करीत आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा अभंगाच्या बाहेर, त्या माणसाच्या जगण्यात सापडते.