घोड्यांमधील लंगडेपणा

घोड्यांमधील लंगडेपणा म्हणजे पाय, खूर किंवा पाठीतील वेदनेमुळे अथवा सांध्यांच्या हालचालीतील अडथळ्यामुळे घोड्याच्या चालीत निर्माण होणारा दोष होय. हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. सवारीच्या घोड्याला कामातून विश्रांती द्यावी लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. घोडा स्वभावतः वेदना लपवतो. त्यामुळे सौम्य लंगडेपणा हा अनेकदा हट्टीपणा किंवा आळस समजला जातो.

लक्षणे

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे लंगडेपणा पुढच्या पायांत अधिक आढळतो. पुढचा पाय दुखत असल्यास तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली झुकवतो. मागचा पाय दुखत असल्यास दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्यांची हालचाल असमान होते. दुडक्या चालीत कर्णरेषेतील दोन पाय एकाच वेळी टेकतात व चाल समतोल असते. म्हणून हा दोष त्या चालीत सर्वांत स्पष्ट दिसतो. तीव्रता नोंदवण्यासाठी अमेरिकेतील अश्ववैद्यांच्या संघटनेची ० ते ५ अशी श्रेणी प्रचलित आहे. त्यात ० म्हणजे निर्दोष चाल, तर ५ म्हणजे पायावर अत्यल्प भार देणे किंवा अजिबात न देणे.

कारणे

अचानक उद्भवणाऱ्या तीव्र लंगडेपणाचे एक सामान्य कारण खुरातील गळू हे आहे. खिळा किंवा खडा रुतणे, नालेचा खिळा चुकीच्या जागी ठोकला जाणे, कंडरा अथवा अस्थिबंध ताणला जाणे, संधिवात आणि अस्थिभंग ही अन्य कारणे होत. खुरातील हाडाला खुराच्या भिंतीशी जोडणाऱ्या पातळ पदरांच्या दाहास लॅमिनायटिस म्हणतात. हा विकार प्राणघातक ठरू शकतो.

निदान

पशुवैद्य प्रथम खुराची उष्णता, पायातील नाडीचे ठोके व सूज तपासतो आणि चिमट्याने खूर दाबून वेदनेची जागा शोधतो. त्यानंतर सांधा काही काळ दुमडून धरून घोड्याला दुडक्या चालीने पळवले जाते. आवश्यकतेनुसार पायातील मज्जातंतू खालून वरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने बधिर केले जातात. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते, त्यावरून दुखण्याची जागा कळते. हाडांसाठी क्ष-किरण, तर कंडरांसाठी सोनोग्राफी उपयुक्त ठरते.

उपचार

खुरातील गळवाला वाट करून देऊन पू काढला जातो, खूर शेकून बांधला जातो व धनुर्वाताच्या लसीची खातरजमा केली जाते. असा घोडा बहुधा काही दिवसांत सावरतो. कंडरेच्या दुखापतीत सुरुवातीला विश्रांती, थंड पाण्याचा किंवा बर्फाचा शेक आणि आधाराची पट्टी दिली जाते. फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामके सूज कमी करतात; परंतु अतिवापराने जठरात व्रण होतात व मूत्रपिंडांना इजा पोहोचते. शिवाय वेदना दबल्यामुळे घोडा दुखऱ्या पायावर अवाजवी भार टाकतो. भारतात गिधाडांच्या संरक्षणासाठी डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी घालण्यात आली.

पुनर्वसन

लंगडणे थांबणे म्हणजे दुखापत बरी होणे नव्हे. कंडरेचे तंतू जुळण्यास अनेक महिने लागतात आणि नव्या ऊतीची लवचीकता मूळ ऊतीपेक्षा कमी असते. त्यामुळे घाईने कामाला लावलेल्या घोड्याची तीच कंडरा पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो. कंडरेच्या गंभीर दुखापतीनंतर पूर्ण कामावर परतण्यास साधारणतः ९ ते १२ महिने लागतात. या काळात प्रथम हाताने धरून काही मिनिटे चालवणे, मग स्वारासह चालणे, त्यानंतर सरळ रेषेत थोडी दुडकी आणि अखेरीस वर्तुळाकार फेऱ्या, भरधाव धाव व उड्या असा क्रम पाळतात. काम वाढवण्यापूर्वी सोनोग्राफीने कंडरेची तपासणी केली जाते. तबेल्यात बंद असलेल्या घोड्याचे दाणापाणी बदलावे लागते: धान्य कमी करून वाळलेले गवत व पाणी मुबलक दिले जाते.

निरोगी पायाचीही काळजी आवश्यक असते. २००६ मधील केंटकी डर्बीचा विजेता बार्बारो या घोड्याचा मागील उजवा पाय त्याच वर्षी २० मे रोजी प्रीकनेस शर्यतीत अनेक ठिकाणी मोडला. दुसऱ्या दिवशी पट्टी व २७ स्क्रू वापरून तो जोडण्यात आला. मात्र अधिक भार पडल्याने जुलैमध्ये डाव्या मागच्या पायात लॅमिनायटिस झाला. पुढील गुंतागुंतीनंतर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण देण्यात आले.

प्रतिबंध

दर ६ ते ८ आठवड्यांनी खूर कापून नाल बदलणे, रोज खूर साफ करणे, काम हळूहळू वाढवणे आणि कठीण किंवा खोल भुसभुशीत जमिनीवर वेगाने न पळवणे हे मुख्य उपाय होत. मोटारवाहनांना मज्जाव असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी सवारी व मालवाहतूक घोड्यांवर अवलंबून असते. तेथे घोड्याचा निकामी पाय म्हणजे घोडेवाल्याची बुडालेली कमाईच होय. त्यामुळे वेळेवर दिलेली विश्रांती घोडा व मालक या दोघांच्याही हिताची ठरते.