'नक्कल' ते संहितावाचन : नाट्यविद्यार्थी आणि नाटकाचा अर्थ

मराठी नाटक मंडळ्यांमध्ये नटाला त्याच्या भूमिकेची भाषणे स्वतंत्र कागदांवर उतरवून दिली जात. या कागदांना 'नक्कल' म्हणत. याच शब्दाचा दुसरा अर्थ अनुकरण असा आहे व तो येथे सूचक ठरतो. कारण नवशिक्या नटास नाटकाचा अर्थ उमगे तो बहुधा तालीममास्तरांच्या अनुकरणातूनच.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा पदे रचलेली होती. भाषणे मात्र पात्रे आयत्या वेळी करीत. १८८० च्या किर्लोस्करकृत 'शाकुंतला'नंतर लिखित संहितेस प्रतिष्ठा लाभली. तरीही तिचा अर्थ लावणे हे प्रामुख्याने तालीममास्तरांचेच काम राहिले. या पद्धतीस निव्वळ घोकंपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. गोविंद बल्लाळ देवल स्वतः नाटककार होते आणि गणपतराव बोडसांसारखा नट त्यांच्या तालमीत घडला. मर्यादा होती ती निराळीच. शब्दाचा आघात कोठे द्यावा हे शिष्यास ठाऊक होई, तो तेथेच का द्यावा हा प्रश्न मात्र सहसा मास्तरांपाशी राही.

'नाट्यमन्वंतर'च्या १९३३ मधील 'आंधळ्यांची शाळा'ने दिग्दर्शकाची दृष्टी पुढे आणली. १९६० मध्ये 'रंगायन' स्थापन झाली. १९६२ मध्ये इब्राहिम अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. संहितेचे विश्लेषण हा आता प्रशिक्षणाचा विषय बनला. के. नारायण काळे यांच्या अनुवादांतून स्तानिस्लाव्हस्कीही मराठीत पोहोचला. त्याच्या नावाशी मेजाभोवतीचे प्रदीर्घ वाचन जोडले जाते. परंतु १९३५ साली स्थापन झालेल्या आपल्या अखेरच्या स्टुडिओत त्यानेच तरुण विद्यार्थ्यांना संवाद पाठ करण्याआधी प्रसंग कृतीतून पडताळण्यास लावले होते. वर्गात मात्र पहिलाच स्तानिस्लाव्हस्की अधिक भेटतो.

कृती आणि वाचन यांची ही सांगड नवख्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) विशेष उपयुक्त आहे. अखेरीस अभिरूप न्यायालय लीला बेणारे हिला निवेदनासाठी दहा सेकंद देते. भोवतालची पात्रे गोठतात आणि तिचे दीर्घ स्वगत सुरू होते. ते संपताच न्यायालय काहीच ऐकले नसल्यासारखे पुढे चालू होते. मग ती खरोखर बोलली, की त्या दहा सेकंदांत न बोलल्या गेलेल्या गोष्टी केवळ प्रेक्षकांना ऐकू आल्या? या निवडीवर नटीचा आवाज, तिची नजर, इतरांशी असलेले तिचे अंतर हे सारे अवलंबून असते. केवळ बेणारेची 'नक्कल' हाती घेऊन हा निर्णय करता येत नाही. त्यासाठी मागे जावे लागते : सुखात्म्यांनी खेळाचा खटला कोणत्या क्षणी खरा केला, काशीकरांनी तिला कितीदा गप्प बसविले, आणि भोळ्या सामंताने साक्षीत वाचलेली कादंबरीतील वाक्ये तिच्या आयुष्यावर आरोप म्हणून कशी चिकटविली गेली, हे सर्व तपासावे लागते.