भंगारातला फेस

अमेरिकेत घरी बिअर बनवण्याच्या इतिहासात श्रेय जाते ते जिमी कार्टर यांना. १९७८मध्ये त्यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. मी त्या श्रेयात भंगाराचाही वाटा मानतो. फेस यावा म्हणून पाच गॅलनांच्या (सुमारे १९ लिटर) खेपेत सव्वाशे ग्रॅम साखर ढवळून पन्नासेक बाटल्या भराव्या लागत. साखर वाढली की बाटल्या फुटत. धुण्याचा जाच वेगळाच! पुढे शीतपेयांचा पाक खोक्यातल्या पिशव्यांतून येऊ लागला आणि त्याची पोलादी पिंपे मोडीत निघाली. तीही नेमकी पाच गॅलनांची. अशा स्वस्त पिंपात थंड बिअर भरून आठवडाभर कार्बन डायऑक्साइडचा दाब ठेवला, की सगळी खेप एकदम फेसाळे.