भाभांची 20 वर्षं आणि डहाणूचं गणित



डहाणू रोडला मुंबईकडची लोकल पकडली की आधी वाणगाव, मग बोईसर. बोईसरला उतरून तारापूरला जायचं, जिथे 1969 साली देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र सुरू झालं. इकडे डहाणूत 500 मेगावॅटचं कोळशाचं केंद्र. या वाटेने जाताना मला हटकून तिसरंच एक केंद्र आठवतं, जे अजून कुठेच उभं राहिलेलं नाही.

ऑगस्ट 1955. जिनिव्हातल्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते होमी भाभा. सूर्यात चालतं तसं संलयन येत्या 20 वर्षांत माणसाच्या ताब्यात येईल, असं भाकीत त्यांनी भाषणात केलं. तेव्हा लेसरसुद्धा नव्हता! तो आला 1960 साली.

1975 उलटून गेलं. लेसरने संलयन घडवून, त्यावर टाकलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा मिळाली ती थेट 5 डिसेंबर 2022 रोजी, कॅलिफोर्नियात. 192 लेसर किरणांनी 2.05 मेगाज्यूल ऊर्जा दिली, बाहेर आली 3.15. जल्लोष झाला. पण तो लेसर पेटवायला ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती.

आता आपल्या डहाणूचं गणित मांडू. 500 मेगावॅट वीज हवी आणि उष्णतेतली 40 टक्केच वीज होते असं धरलं, तर सेकंदाला 1250 मेगाज्यूल उष्णता लागेल. सेकंदाला 10 स्फोट केले तरी प्रत्येकातून 125 हवेत. शिवाय लेसरची स्वतःची भूक वेगळी. इंधनाच्या, जेमतेम 2 मिलिमीटरच्या, काटेकोर गोळ्या दिवसाला 8 लाख 64 हजार लागतील. प्रत्येक गोळी उडती असताना लेसरने अचूक टिपायची. स्फोटातून सुटणारे न्यूट्रॉन भिंती झिजवणार. इंधनातलं ट्रिटियम निसर्गात नावापुरतंच, म्हणून तेही त्याच न्यूट्रॉनांकडून लिथियममधून बनवून घ्यायचं.

आणि एवढं सगळं करून शेवटी काय? पाणी तापवायचं, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. तारापूरला तेच, डहाणूलाही तेच.

भाभांचं विज्ञान चुकलं नव्हतं, असं मला वाटतं. चुकला तो कारखान्याचा अंदाज. एक स्फोट जमला. रात्रंदिवस, न थांबता, परवडेल अशा भावात तो करत राहणं अजून जमायचंय. म्हणून कुणी नवी तारीख सांगितली की मी एवढंच विचारतो: सेकंदाला किती, आणि किती दिवस?