१५ मे २०२२ : भारताला थॉमस चषक

पुरुषांच्या सांघिक बॅडमिंटनमधील थॉमस चषक १९४९ मध्ये प्रथम मलायाने जिंकला. २०१२ पर्यंत तो मलाया-मलेशिया, इंडोनेशिया आणि चीन यांच्याबाहेर गेलाच नाही. २०१४ मध्ये जपानने आणि २०१६ मध्ये डेन्मार्कने ही मक्तेदारी मोडली. १५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठणाऱ्या भारताने चौदा वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० असे हरवले. लक्ष्य सेनने पहिला गेम ८-२१ असा गमावूनही सामना जिंकला. सात्त्विकसाईराज आणि मुंबईकर चिराग शेट्टी यांनी तर पहिला गेम गेल्यावर दुसरा २३-२१, तिसरा २१-१९ असा खेचून आणला. खरी झुंज हीच. किदम्बी श्रीकांतने जोनातन क्रिस्टीला सरळ गेममध्ये नमवून विजेतेपदावर शिक्कामोर्तब केले.