जवळ बसणे

जालना जिल्ह्यातल्या एका झेडपीच्या शाळेत सकाळच्या परिपाठाला उभा होतो. 'एक हात अंतर घ्या' झालं, राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. मग चौथीतली एक मुलगी पुढे आली आणि संविधानाची प्रास्ताविका म्हणू लागली. 'श्रद्धा'पर्यंत धडाधड आली, 'उपासना'वर किंचित थबकली, 'पा' जरा लांबवला आणि पुढे गेली. माझ्या कानात मात्र तो शब्द अडकून राहिला.

या जिल्ह्यात हा शब्द जुना रहिवासी आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थ संप्रदायात उपासना म्हणजे नेमानं, खंड न पडू देता केलेली रामभक्ती. जालन्याच्या ख्रिस्ती घरांत उपासना म्हणजे रविवारी मंडळीनं देवळात एकत्र जमणं. मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाचं नावच 'उपासना संगीत', आणि त्यात ना. वा. टिळकांची कितीतरी पदं आहेत. 'मंडळी' हा शब्दही गमतीचा. कीर्तनकार समोरच्यांना मंडळी म्हणतो, भजनी मंडळी गावोगाव असते, आणि मराठी बायबलनं चर्चसाठी हाच शब्द उचलला.

जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी राहिली ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यामुळे. ब्राह्मण घरातला हा माणूस १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाला, पुढे जालन्याला आला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी नवख्रिस्ती कुटुंबांची वस्ती केली. त्यांतली बरीचशी मांग-महार समाजातली. बेथेल हा हिब्रू शब्द, अर्थ देवाचं घर. बायबलातला याकोब प्रवासात दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात त्याला देवाचं दर्शन झालं, आणि उठल्यावर त्यानं त्या जागेला हे नाव दिलं. यातल्या 'बेथ'चं अरबी भावंड म्हणजे 'बैत'. ते निजामाच्या मुलखात आधीपासूनच होतं. सरकारी खजिना तो बैतुलमाल. शेरांच्या भेंड्या त्या बैतबाजी, कारण अरबीत घरालाही बैत म्हणतात आणि कवितेच्या ओळीलाही. म्हणजे बेथेल हे नाव जालन्याला वाटतं तितकं परकं नव्हतं.

शाळेत आपण सहसा 'प्रार्थना' म्हणतो. तिच्या पोटात 'अर्थ्' म्हणजे मागणं, इच्छिणं आहे. तोच 'अर्थी' विद्यार्थ्यात बसलेला आहे: विद्या मागणारा. प्रार्थना म्हणणारं पोर नावानंच मागणारं असतं. 'परिपाठ' ही मुळात रोजची रीत. 'पहाटे उठायचा त्यांचा परिपाठ होता' असं आपण अजून म्हणतो; शाळेत त्याच शब्दाचा अर्थ सकाळचा सामुदायिक कार्यक्रम असा झाला.

पण माझं मन जडतं ते उपासनेवरच. 'उप' म्हणजे जवळ, 'आस्' म्हणजे बसणं. या 'आस्'पासूनच आसन, आणि म्हणून वर्गात अंथरायची आसनपट्टीसुद्धा. उपनिषदातही 'उप' आहे आणि बसणंही, फक्त धातू 'सद्'. आणि आपलं रोजचं 'बसणे'? ते संस्कृत 'उपविशति'पासून आलं. आधी 'बैसणे' झालं, मग 'बसणे'. 'उप'मधला उ झिजून गेला, प चा ब होऊन उरला. मराठीत नुसतं 'बस' म्हटलं तरी त्या ब मध्ये 'जवळ' दडलेलं आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर येईल त्याला सांगत सुटलो होतो.

आता याच मराठी मुलखात कोणाला जवळ बसू दिलं आणि कोणाला नाही, ते आठवावं. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. अस्पृश्य मुलांना कुठे ओटा, कुठे दाराबाहेरची जागा. त्या काळात बेथेल वसाहतीतली माणसं एका छपराखाली, एका बैठकीवर उपासनेला बसली, हे मला त्या वसाहतीचं सगळ्यात मोठं मूल्य वाटतं. शेजाऱ्यावर प्रीती करा ही ख्रिस्ताची शिकवण शेजारी बसू दिल्यावरच खरी होते.

आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मसुदा तयार झालेल्या संविधानानं उपासनेचं स्वातंत्र्य प्रास्ताविकेतच दिलं. अनुच्छेद २८ तर थेट शाळेत शिरतो. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत, मग ती मिशनची असो की कोणत्याही धर्माच्या संस्थेची, पालकाच्या संमतीवाचून मुलाला उपासनेला बसवता येत नाही. मला हे शब्दाच्या मुळाशी इमान राखणारं वाटतं. धरून बसवलेलं पोर जवळ असूनही दूरच असतं.

परिपाठ संपला. मुलं रांगेनं वर्गात गेली. चौथीच्या वर्गात दोनच लांब आसनपट्ट्या, काठाचे दोरे सुटलेल्या. प्रास्ताविका म्हणणारी मुलगी शेवटी आली तोवर जागा भरल्या होत्या. ती दप्तर छातीशी धरून उभी राहिली. पट्टीवरच्या एकीनं मांडी आवळली, पलीकडचीला कोपरानं ढोसलं, "सरक ना गं," आणि हिला म्हणाली, "ये, बस."