दोन ओळींची दुरुस्ती

रात्री साडेअकराला मी एका मुलाच्या पॅकेजमधली एक ओळ काढून टाकली. फाइल सेव्हही केली. कंपायलरची वॉर्निंग गेली, बरं वाटलं. मग २००६ सालची एक गोष्ट आठवली आणि ओळ होती तिथे परत ठेवली.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या डेटा फाइली वाचणारा त्याचा एक छोटा प्रोग्रॅम त्याला डेबियनमध्ये घालायचाय. डेबियन १९९३ साली इयन मर्डॉकने सुरू केली. आजही ती जगभरचे स्वयंसेवक चालवतात आणि उबुंटू तिच्याच पायावर उभी आहे. तिथे नव्या माणसाला थेट अपलोड करता येत नाही. अधिकार असलेला एखादा डेव्हलपर, म्हणजे 'स्पॉन्सर', पॅकेज वाचतो, बिल्ड करून बघतो आणि स्वतःच्या किल्लीने सही करून चढवतो. तो अधिकार माझ्याकडे नाही. पण स्पॉन्सरकडे जाण्याआधी पॅकेज तपासून, डागडुजी करून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

यातलं निम्मं काम कंटाळवाणं असतं. प्रत्येक फाइलचा परवाना नोंदवलाय का, चेंजलॉग नीट आहे का, कोऱ्या सिस्टिमवर बिल्ड होतं का. लिंटियन नावाचा प्रोग्रॅम तक्रारींची यादीच काढून देतो. ती यादी रिकामी करायची एक नशा असते. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी तिकिटं बंद करताना असते, तशीच.

२००६ मध्ये डेबियनचं ओपनएसएसएल पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकासमोर अशीच एक तक्रार होती. ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरच्या गुप्त किल्ल्या बनवणारी लायब्ररी. व्हॅलग्राइंड हे मेमरीतल्या चुका शोधणारं टूल सांगत होतं की इथे किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय. माग काढत गेल्यावर दोन ओळी सापडल्या. एकाच फाइलमध्ये, दोन वेगळ्या फंक्शनांत, आणि दिसायला अक्षरशः सारख्या.

काम मात्र वेगळं. ओपनएसएसएल रँडमपणाचा एक रांजण भरून ठेवतं आणि किल्ली बनवताना त्यातून घेतं. एक ओळ रांजणात मेमरीतला उरलासुरला कचरा टाकायची. मिळाला तर फायदा, नाही तर नुकसान नाही. दुसऱ्या ओळीतून सिस्टिमकडून आलेला खरा रँडमपणा आत जायचा. ती रांजणाचं तोंडच होती. पहिलीशेजारी मूळ लेखकांनी नोंद ठेवली होती की असली टूल्स हिच्यावर तक्रार करतात. दुसरीशेजारी काहीच नव्हतं.

तो माणूस निष्काळजी नव्हता, आणि मला तेच जास्त छळतं. त्याने ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलं. दोन्ही ओळी दाखवल्या, त्या बंद कराव्यात असं वाटतं म्हणाला, आणि रँडम आकड्यांवर याचा काय परिणाम होईल ते आपल्याला माहीत नाही हेही सरळ लिहिलं. उत्तर साधारण असं आलं की डीबगिंगला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही. विचारणाऱ्याने ती संमती समजली. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा कुणाचा तरी स्वतःपुरता डीबगिंगचा बिल्ड असावा. तयार पॅच तपासायला मूळ प्रकल्पाकडे गेलाच नाही.

सप्टेंबर २००६ मध्ये बदल अपलोड झाला. एप्रिल २००७ मध्ये डेबियनच्या स्थिर आवृत्तीतून घराघरांत, सर्व्हरासर्व्हरांत पोचला. उबुंटूतही गेला. कुठे काही मोडलं नाही. किल्ल्या बनत होत्या, लांबीला पूर्ण होत्या, लॉगिन होत होतं. व्हॅलग्राइंड गप्प होतं.

१३ मे २००८ ला डेबियनने जाहीर केलं की लुसियानो बेल्यो यांना त्यात भगदाड सापडलंय. रांजणात आता फक्त प्रोसेसचा नंबर पडत होता, आणि लिनक्सवर तो तेव्हा साधारणपणे ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त तेवढ्याच. एखाद्या लहान शहराच्या मतदारयादीएवढ्या! त्या सगळ्या आधीच बनवून एकेक लावून बघणं शक्य होतं. नुसतं अपडेट करून भागत नव्हतं; त्या काळात अशा मशीनवर बनलेली प्रत्येक किल्ली फेकावी लागली. डीएसए प्रकारच्या किल्ल्या तर दुसरीकडे बनवलेल्या असल्या, पण अशा मशीनवर सही करायला वापरल्या असल्या, तरी बाद. डेबियनला कच्च्या किल्ल्यांच्या काळ्या याद्या वाटाव्या लागल्या.

कोड उघडा असला की हजारो डोळे बघतात, असं आम्हाला कॉलेजात सांगायचे. तो पॅच जवळपास वीस महिने उघडा पडला होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, माझं सोडा. पण ज्यांना ते वाचता येत होतं त्यांनीही टूल शांत आहे एवढंच पाहिलं असणार. सगळा दोष त्या एकट्या स्वयंसेवकावर टाकणारे लोक भेटतात, तेव्हा मला राग येतो. त्याने निदान विचारलं होतं.

मी तर विचारलंही नव्हतं. माझ्यासमोरची ओळ फाइलमधून चार बाइट वाचून एका व्हेरिएबलमध्ये ठेवत होती आणि ते व्हेरिएबल पुढे कुठेच वापरलेलं नव्हतं. कंपायलर त्यावरच कुरकुरत होता. सकाळी मुलाला मेसेज केला, ही ओळ कशासाठी आहे?

"दादा, ते चार बाइट कामाचे नाहीत, पण ते ओलांडल्याशिवाय पुढचं नीट वाचता येत नाही. फक्त जुन्या आवृत्तीच्या फाइलींत असतात."

चाचणीसाठी त्याने दिलेल्या सगळ्या फाइली नव्या आवृत्तीच्या होत्या. ओळ काढली असती तरी चाचण्या हिरव्याच दिसल्या असत्या.

त्याला एक जुनी फाइल चाचणीत घालायला सांगितली आणि आत्ता मला जे लिहिलंस तेच ओळीच्या वर कॉमेंट म्हणून लिही, म्हटलं. त्याने दुपारपर्यंत दोन्ही केलं. वॉर्निंग आम्ही तशीच ठेवलीय. स्पॉन्सरला पाठवलेल्या टिपणात ती का ठेवली ते सगळ्यात वर लिहिलंय.